घासूनपुसून ठेवलेली तळी

"आजी, आता त्याच्या मागच्या पायाची बोटं बघ," नात फोनवर म्हणाली.

मी आमच्या तळीत गुडघाभर पाण्यात उभी होते. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात करवंटी, आणि करवंटीत सुपारीएवढा एक हिरवा बेडूक. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच त्याच्या घरात न विचारता शिरले आहे. शिरले होतेच म्हणा.

"बोटं आहेत," मी सांगितलं.

"आहेत ते मला माहीत आहे गो! मधला पडदा टोकापर्यंत जातो की अर्ध्यावर संपतो? आणि बोटांच्या टोकाला टिकलीसारख्या चकत्या आहेत का?"

"तो मला हात दाखवायला आलेला नाही. मी काय ज्योतिषी?"

"आजी, चेष्टा नको. चकत्या असतील तर तो झाडावरचा बेडूक. झाडावरचा मला चालत नाही. मला तळीतला हवा."

तिचा आवाज शेवटच्या शब्दावर चिरकला. मग मी चष्मा नाकावर ओढला आणि त्या जिवाचा पाय एका बोटाने अलगद ताणला. चकत्या नव्हत्या. पडदा पार टोकापर्यंत होता, बदकाच्या पायासारखा. पाठीवर मधोमध एक फिकी रेघ, एखादीने रांगोळीच्या चिमटीने ओढावी तशी सरळ. डोळे डोक्याच्या अगदी वर. पोट पांढरं.

पलीकडे ती पोर रडायलाच लागली. आनंदाने रडत होती, पण मला कळायला वेळ लागला.

या गोष्टीला फार वर्षं झालेली नाहीत. तेव्हा मी नुकतीच सत्तरीला टेकले होते, म्हणजे आताच्या मानाने तरुणच. आणि तरुण बाईला जो आजार असतो तो मला होता. मला सगळं कळतं असं मला वाटायचं.

नात वास्कोची. माझा मुलगा तिथे बंदरावर नोकरीला, त्याची ही एकुलती एक. ती प्राणिशास्त्र शिकली आणि पुढच्या प्रबंधासाठी तिने बेडूक निवडला. तळ्यातला हिरवा बेडूक, तो कुठे राहतो, कसल्या पाण्यात, कसल्या झाडोऱ्यात, एवढंच शोधायचं. मुळगावच्या बाजूला तिने एक तळी धरली होती. वास्कोहून पणजी, पणजीहून डिचोली, तिथून मिळेल ते, असं करत ती तिथे जायची. आषाढात त्या तळीचा बांध फुटला आणि एका दुपारी सगळं पाणी शेतांतून वाहून गेलं. त्याबरोबर हिचे बेडूकही गेले. तिच्या मॅडम म्हणाल्या, दुसरी तळी शोध, नाहीतर विषय सोडून दे. माझा मुलगा त्याच्याही पुढे गेला. म्हणाला, "दसऱ्यापर्यंत झालं तर झालं. नाहीतर बंदरातल्या एका ऑफिसात तुझ्यासाठी सांगून ठेवलंय, मुकाट्याने जाऊन बसायचं. बेबे मोजण्यात पोरीचं वय चाललंय."

आमच्याकडे बेडकाला बेबो म्हणतात. माझा मुलगा तो शब्द असा उच्चारायचा की बेडकालाही वाईट वाटावं.

तर अशा वेळी नातीने ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले आणि शेवटी मला केला. आणि ती तरुण बाई, म्हणजे मी, काय म्हणाली? "बेबे? आमच्या तळीत? पाय ठेवायला जागा नाही."

बोटांची परीक्षा झाली, रेघेची झाली. नात म्हणाली, "आजी, तू मला वाचवलंस. मी चतुर्थी झाली की येते. बेडूक बरे दिसले तर मॅडमनाही घेऊन येईन."

ते 'मॅडम' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

इथे जरा मागे जाऊन सांगावं लागेल. मीसुद्धा वास्कोचीच. रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये, नळाच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन इब्रामपूरला आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूने भांडी देऊन तळीवर पाठवलं. पहिलंच भांडं बुडवलं तर पायावर बेबो. मी ओल्या लुगड्यानिशी जी धावत सुटले ती थेट बाहेरच्या खोलीत, आणि एका कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर चढून उभी राहिले. बाकीच्या कदेलींवर मामंजी आणि गावातले चार प्रतिष्ठित बसले होते. नव्या सुनेचं पहिलं दर्शन त्यांना असं झालं. पुढे कितीतरी वर्षं कुणी आमच्याकडे आलं की बसण्याआधी मला विचारायचं, "बसू ना, की तुला वर चढायचंय?"

त्या दिवसापासून तळीचं आणि माझं वैर. घराची सूत्रं माझ्या हातात आली तशी मी दरवर्षी चतुर्थीआधी तळी साफ करून घ्यायला लागले. गणपती बुडवायचा तिथे शेवाळ कशाला, असं कारण द्यायचं. देवाचं कारण दिलं की घरात कुणी बोलत नाही. अलीकडे मात्र गुडघ्यांमुळे ते राहून गेलं होतं. तळीत गवत माजलं, शेवाळ आलं, साळकांची पानं एकमेकांवर चढली. साळकं म्हणजे आमच्या तळ्यांतली कमळं. आणि बेबे झाले. माझे गुडघे दुखत होते म्हणून बेबे झाले होते, ही साधी गोष्ट त्या हुशार बाईच्या डोक्यात शिरली नाही.

तिच्या डोक्यात शिरलं ते हे: युनिव्हर्सिटीतली शिकलेली बाई येणार, आणि आपली तळी ही अशी!

मी दोडामार्गच्या बाजूने कामाला येणाऱ्या नवराबायकोला बोलावलं. मी बांधावर कदेल टाकून बसले आणि त्यांनी तळी साफ केली. साळकं मुळापासून उपटली. शेवाळ फळीने ओढून काढलं. काठावरचं गवत कापलं. तो सगळा ओला ढीग माडांच्या आळ्यांत नेऊन टाकला, आमच्याकडे टाकतात तसा, खत म्हणून. मग पायऱ्यांचे चिरे घासले आणि त्यांवर चुना मारला. पावसाची सर आली आणि अर्धा चुना पाण्यात उतरला. मी म्हटलं, असू दे, पाणीही शुद्ध होईल.

तोरण बांधायचं तेवढं राहिलं होतं.

चतुर्थी झाली आणि नात आली. पाठीवरची पिशवी ओसरीवर टाकली न टाकली आणि तळीकडे धावली. मी चहाचा कप घेऊन मागोमाग. ती वरच्या पायरीवर थांबलेली. मला वाटलं, डोळे दिपले.

"आजी, ही कुठली तळी?"

"आमचीच गो! ओळखलीच नाहीस ना?"

ती खाली बसली. चुना ओला होता, तिच्या कपड्यांना लागला, पण तिचं लक्ष नव्हतं. पाण्यात आभाळ दिसत होतं, माडाचं झाड दिसत होतं, तळाचा एक एक दगड दिसत होता. दुसरं काहीसुद्धा नव्हतं.

"आजी, तू काय केलंस?"

"साफ केली. तुझ्या मॅडम येणार म्हणून."

तिने रागावायला हवं होतं. मला रागावलेलं माणूस चालतं, त्याच्याशी कसं बोलायचं ते मला येतं. ती नुसती पाण्याकडे बघत राहिली आणि मग हळू आवाजात, शाळेत शिकवावं तसं, सांगू लागली. हा बेडूक शेतात जात नाही, झाडावर चढत नाही. पाणी सोडून तो फार लांब जात नाही. शेवाळात अंग लपवतो आणि दोन डोळे तेवढे वर ठेवून तरंगत राहतो. अंडी त्यातच घालतो. मोठा झाल्यावर किड्यांबरोबर पाण्यातली पानंसुद्धा खातो.

"पानं खातो?" मी विचारलं.

"हो."

म्हणजे मी त्यांचं छप्पर काढलं आणि ताटही काढलं.

दुसऱ्या दिवसापासून ती उजाडताच तळीवर जायची ते ऊन तापेपर्यंत, आणि उन्हं उतरली की पुन्हा. मीही जायचे. आम्ही दोघी काठाने वाकून वाकून फिरायचो. बेडूक एकही नाही. बगळे मात्र आले. आमच्या तळीवर इतके बगळे मी आयुष्यात पाहिले नव्हते. स्वच्छ पाण्यात त्यांना सगळं दिसत होतं, लपायला कुणाला जागा नव्हती, आणि जे काही उरलंसुरलं होतं ते टिपून ते तृप्त होऊन एका पायावर उभे राहायचे. मी मॅडमसाठी ताट वाढलं होतं, जेवले बगळे.

"आजी, पलीकडून आवाज येतो तो कुठला?" तिने एका संध्याकाळी विचारलं. "कुंपणाच्या मागे तळी आहे का?"

"तळी कसली, गटार आहे," मी म्हटलं. "तिथे तुझं काही नाही."

ती वास्कोची पोर, तिने विश्वास ठेवला.

मग मला सुचलं की शेवाळ परत आणून टाकावं. नाहीतरी आमच्याच माडांत पडलं होतं. मी पहाटे उठून, नात जागी व्हायच्या आत, दाताळं आणि बालदी घेऊन आळ्यांकडे गेले. वरचा थर वाळून पापडासारखा झाला होता, खालचा कुजलेला. वास असा की माझं नाकही मला सोडून जाईल. दाताळ्याने एक घास उचलला आणि थांबले. शेवाळात काहीतरी चिकटलं होतं. वाळलेल्या मिरचीएवढं. मग दुसरं. मग पुष्कळ.

मी ते लपवणार होते. खोटं कशाला बोलू, दाताळ्याने मातीसुद्धा ओढली. पण नात मागे येऊन उभी राहिली होती.

तिने केळीचं पान कापून आणलं. एक एक उचलून त्यावर ठेवला. सगळा हिरवेपणा गेला होता, पण पाठीवरची रेघ काहींच्या अंगावर अजून दिसत होती. तिने खिशातून भिंग काढलं आणि एकेकाचा मागचा पाय उलगडून बघत राहिली. पाच बोटं, आणि आतल्या बाजूला सहाव्या बोटासारखा एक बारीक उंचवटा.

"तोच आहे," ती म्हणाली. "शंभर टक्के तोच."

ज्यासाठी ती दोन वर्षं फिरली ते तिला माझ्या माडाखाली सापडलं होतं. तिची खूण पटली, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. तिला जिवंत बेडूक हवे होते, पाण्यातले, त्यांच्या घरातले. ते कुठे बसतात, कधी वर येतात, अंडी कुठे घालतात, हे मेलेल्यांनी कसं सांगायचं?

"मी त्यांना ओळखायला शिकवलं तुला," ती पानाकडे बघत म्हणाली. "म्हणून ढिगात तू ते ओळखलेस. नाहीतर तुला शेवाळच दिसलं असतं."

हे ती मला बोलली की स्वतःला, मला कळलं नाही. मी म्हटलं, "चल, पेज केलीय." दुसरं काय म्हणणार? पेज तिने तोंडात घातली नाही.

दुपारी मुलाचा फोन आला. तिने मोबाइल माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली.

"काय म्हणतायत बेबे?" त्याने विचारलं.

"रे, चूक माझी आहे. मी तळी साफ केली."

"बरं केलंस. सगळ्यांत शहाणं काम तूच केलंस, आई. तिला सांग, रविवारी गाडी घेऊन येतो. ऑफिसवाले थांबणार नाहीत."

"तिला थोडे दिवस दे."

"दिवस देऊन बेडूक उगवतात?"

आत कपाटाचं दार वाजलं. ती कपडे भरत होती. आधीच्या दिवशी धुतलेला, अजून दमट असलेला कुडताही तिने तसाच घडी करून पिशवीत कोंबला. ज्या माणसाला परत यायचं नसतं ते माणूस असं भरतं. मी दारात उभी राहिले. काहीतरी विनोद करावा म्हणून तोंड उघडलं आणि एकसुद्धा सुचला नाही. माझ्यावर अशी पाळी आयुष्यात क्वचित आलेली आहे.

संध्याकाळी मी बांधावर गेले. तिथे राखणदाराचा धोंडा आहे. वर्षातून एकदा त्याला रोट आणि विडी ठेवायची आमची रीत. गाऱ्हाणं घालायचं ते मानकऱ्याने, बाईने नव्हे. मी कुणाला विचारलं नाही. तव्यावर घाईने थापलेला रोट ठेवला, एक विडी ठेवली, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हटलं, "बा म्हाराजा, आजपर्यंत तुझ्याकडे मुलगा मागितला, पीक मागितलं, ह्यांचा खोकला जाऊ दे म्हणून मागितलं. तो काही तू घालवला नाहीस, असो. आज बेबे मागते. हसू नकोस. चूक मी केली ती माझ्या पदरात घाल, पोरीच्या नको."

'होय म्हाराजा' म्हणायला मागे कुणी नव्हतं, म्हणून तेही मीच म्हटलं.

आमची तळी मुकी होती. बेब्यांचा आवाज येत होता तो पलीकडून, कुंपणामागून, जावेच्या तळीतून. नात आल्यापासून रोज येत होता. मी तो ऐकत होते आणि मला ऐकू येत नाही असं मी ठरवलं होतं.

ही जाऊ थोरली. तिची तळी आमच्या तळीची बहीण, एकाच झरीचं पाणी दोन्हींत येतं. पण तिने कधी साफ केली नाही. एका चतुर्थीला, भरल्या घरात, पाहुण्यांच्या देखत मी म्हटलं होतं, "वयनीच्या तळीवर म्हशीसुद्धा नाक मुरडतात." लोक हसले. मला वाटलं, काय बोलले मी! तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. तिला मूलबाळ नाही, भावोजी गेले, ती तिथे एकटी आणि मी इथे एकटी, मध्ये कुंपण, आणि बोलणं नाही. कोण जिंकलं ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

सकाळी मी गेले. पायात चपला घालायलाही विसरले. ती ओसरीवर अबोलीचा वळेसर गुंफत बसली होती. वर न बघता म्हणाली, "कोण गो? वाट चुकलीस?"

"नाही, वयनी. तुमच्याकडेच आले."

"म्हैस हरवली काय तुझी?"

मी अनवाणी पाय पायरीवर पुसले.

"म्हशी आमच्याकडे येत नाहीत. नाक मुरडतात. असं कोण म्हटलेलं गो? माझ्या हल्ली लक्षात राहत नाही."

"मी म्हटलेलं."

"हां. तूच काय." तिने दोऱ्याला गाठ मारली. "बस मगे. चढू नको, नुसती बस."

कदेलीची गोष्ट ती अजून विसरली नव्हती. मी बसले. सगळं सांगितलं. बांध फुटला ते, माझी साफसफाई, केळीच्या पानावरचे बेबे, रविवारची गाडी. सांगताना मधेच माझा आवाज फुटला. इतक्या वर्षांत मी तिच्यासमोर रडले नव्हते, भावोजी गेले तेव्हासुद्धा, कारण तेव्हा मी कुंपणाच्या या बाजूलाच उभी होते.

ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे एवढी शिकलेली पोर, आणि तिला माझी घाण हवी?"

"हो."

"तसं म्हण."

"वयनी, तुमची घाण हवी."

ती हसली ते इतकं की अबोली मांडीवरून सांडली. मग हसू पुसून, एखादा सावकार बोलतो तशी बोलली. "येऊ दे पोरीला. पण माझी अट आहे. ती माझ्याकडे राहणार. माझ्याकडे जेवणार, माझ्याकडे झोपणार. आणि तू कुंपणाच्या आत यायचं नाहीस."

"आज तर आले."

"आज ओसरीवर आलीस. तळीवर यायचं नाहीस. तू आलीस की साफ करशील."

घरी आले तर नात पिशवी घेऊन ओसरीवरच बसली होती. मी म्हटलं, "ऊठ. पिशवी उघडू नको, तशीच उचल. पलीकडे गटार नाही, तळी आहे. मी खोटं बोलले." ती माझ्याकडे बघत राहिली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा रागावली. काय काय बोलली ते लिहीत नाही, पण ऐकताना मला बरं वाटलं.

त्या संध्याकाळी मी माझ्या बाजूने कुंपणाला चिकटून उभी होते. पलीकडची तळी मी कितीतरी वर्षांनी नीट पाहिली. पाणी दिसतच नव्हतं. सगळा हिरवा गालिचा, त्यावर साळकांची पानं, काठावर लव्हाळं, पडलेली माडाची चुडतं कुणी न उचलता तशीच कुजलेली. नात काठाशी उकिडवी बसली. मग तिने तोंडावर हात ठेवला. मी डोळे ताणून बघितलं तरी मला आधी काही दिसेना. मग एक डोळा दिसला. मग त्याच्या शेजारी दुसरा. शेवाळात जिकडे तिकडे डोळेच डोळे होते, सगळे वर बघणारे.

ती पारदर्शक डब्यात एक घेऊन कुंपणाजवळ आली. तोच. हिरवा, रेघवाला, सुपारीएवढा. दुसऱ्या डब्यात मुठीएवढा, धोंड्यासारखा, मळकट हिरवा बेबो, रेघ पुसट झालेली.

"हा कशाला धरलास?" मी म्हटलं. "हा वेगळा. हा मोठा बेबो, मला ठाऊक आहे. मला पायावर चढला तो हा."

"वेगळा नाही, आजी. पाय बघ. पडदा बघ, हा उंचवटा बघ. तुझा लहान हिरवा बेडूक ही जात नाहीच. ती पोरं आहेत. हे त्यांचे आईबाप. वाढले की रंग मळतो, रेघ फिकी पडते."

"आमचंही तसंच गो," मागून जाऊ म्हणाली. "तरुणपणी काय रंग होता."

म्हणजे मी ज्याला घाबरून कदेलीवर चढले त्याच्याच पोराला करवंटीत घेऊन मी फोनवर मिरवत होते.

रविवारी मुलगा गाडी घेऊन आला आणि रिकामी गाडी घेऊन गेला. जावेने त्याला ओसरीवरच अडवलं. तो लहानपणी तिच्याकडे खेळायचा, तिच्यापुढे त्याचं काही चालत नाही. "दसऱ्यापर्यंत म्हणालास ना? दसरा अजून यायचाय. जा, आईकडे जेवून जा," एवढंच म्हणाली. तो माझ्याकडे जेवला आणि हात धुऊन सरळ गाडीत बसला.

मॅडम आल्या त्या जावेकडे आल्या. तिच्याकडचा चहा प्याल्या, तिच्या कदेलीवर बसल्या, तिच्या घाणीचे फोटो काढले. मी कुंपणाशी उभी. जाताना त्यांनी आमच्या तळीकडे बोट करून विचारलं, "आणि ही इतकी स्वच्छ कुणाची?" नात म्हणाली, "ही माझ्या आजीची." पुढे दोघी काहीतरी बोलल्या आणि मॅडमनी माझ्या तळीचेही फोटो घेतले. मला क्षणभर बरं वाटलं. नंतर कळलं, एकाच पाण्याच्या दोन तळ्या, एकीत बेडूक आणि एकीत नाहीत, असं त्यांना दाखवायचं होतं. प्रबंध झाला. ऑफिसातली जागा दुसऱ्या कुणाला गेली. प्रबंधात आमची तळी आहे. 'नाहीत' त्या बाजूला.

पण ते सगळे दिवस नात तिकडे होती. सकाळी तिचा आवाज तिकडून यायचा, जेवताना तिकडून, हसताना तिकडून. जावेला ती 'व्हडली आजी', म्हणजे थोरली आजी, म्हणायला लागली. मी दोन माणसांची आमटी करायचे आणि एकटीने संपवायचे. कधी नात कुंपणाजवळ यायची आणि म्हणायची, "आजी, आज अंडी दिसली." मी विचारायचे, "जेवलीस?" ती म्हणायची, "व्हडल्या आजीने तिसऱ्या केल्या होत्या." तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं माझं जास्त चांगलं होतं. तेवढं तरी मला कळतं.

ती वास्कोला परतल्यावर माझी संध्याकाळ जाईना. बांधावर बसलं की पलीकडून आवाज, आणि माझ्या पायाशी नुसतं पाणी. बगळेसुद्धा येईनासे झाले होते. त्यांना खायला काही उरलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी टोपली घेऊन जावेच्या दारात गेले. दिवा लागला होता.

"वयनी, थोडं शेवाळ द्याल? आणि साळकाची एखादी गड्डी. माझ्या तळीत सोडते."

तिने टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "दिवेलागणीला घरातलं काही बाहेर देत नाहीत. शिकवलं नाही तुला सासूने?"

"ते घरातलं कुठे, तळीतलं."

"तळी घरातलीच. उद्या सकाळी ये."

"सकाळी म्हणजे किती वाजता?" मी विचारलं.